जावयाची ट्यूब आणि शनिवारचं पाणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. माणूस चुकतो, पण आपल्या चुकीपायी काठावरच्या दोन गावांना कामाला लावणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आता पाहून घ्या. गंगाखेडला कधी आलात तर माझ्या दुकानावर चहाला जरूर या. फक्त पाण्याबद्दल काही विचारू नका!

माझं दुकान मोटार रिवाइंडिंगचं. मोटार म्हणजे चारचाकी नव्हे, शेतातली पाण्याची मोटार. ती जळाली की माझ्याकडं येते, मी तांब्याची तार भरून परत देतो. तीस वर्षं हेच करतोय. गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या काठावर जेवढ्या मोटारी बसल्यात त्यातल्या निम्म्या माझ्या हाताखालून गेल्यात. करंटला मी भीत नाही. भितो ते पाण्याला. सगळा जन्म गंगेच्या काठावर गेला आणि मला पोहता येत नाही! हे फक्त माझ्या बायकोला, सुमनला, माहीत. बाकी जगाला वाटायचं की दिगंबरभाऊ पट्टीचे पोहणारे असणार. आणि मी कशाला खोडून काढू? फुकटचा मान कोण सोडतो?

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या एकुलत्या एक लेकीचं, प्राजूचं, लग्न झालं. जावई पुण्याचे, निखिलराव. कंपनीत नोकरीला, स्वभावानं गरीब, वाढलेलं मुकाट्यानं खाणारे. दिवाळसणाला घरी आले. आता दिवाळसणात जावयानं रुसायचं आणि सासऱ्यानं मागेल ते द्यायचं, ही रीत तुम्हाला माहीतच आहे. पाट मांडलेले, पाव्हणेरावळे जमलेले. मी अंगठी आधीच आणून कपाटात ठेवली होती. त्यामुळं जरा जास्तच जोरात बोललो.

"मागा जावईबापू! मागाल ते देणार!"

"नक्की ना मामा?"

"दिला शब्द. सगळ्यांसमोर."

"मग मला वस्तू काही नको. तुमच्या गंगेत ट्यूबवर बसून वाहत जायचंय. तुमच्यासोबत."

सुमनच्या हातातलं तूप पानाबाहेर पडलं. "अगं बाई! सणासुदीला वाहत जायचं काय बोलायलेत हे!"

मग निखिलरावांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मोठ्या टायरची ट्यूब फुगवायची, तिच्या मधल्या भोकात बसायचं, पाय बाहेर सोडायचे आणि नदी नेईल तिकडं जायचं. डोंगरातल्या नद्यांवर लोक मुद्दाम जाऊन हे करतात म्हणे. मनात म्हटलं, नदी नेईल तिकडं जायला मला अजून अवकाश आहे. पण तेवढ्यात प्राजू अशी खुलली! "आमचे पप्पा ना, एकदम पट्टीचे आहेत!" असं म्हणून ती मोकळी झाली. लेकीनं भरल्या पंगतीत असं म्हटल्यावर बाप काय बोलणार? मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "जाऊ की! फक्त योग्य वेळ बघू."

ही योग्य वेळच माझ्या मुळावर आली.

दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा. सुमन त्यावर गॅस कधी लावला ते लिहिते, मी जावयाला पाण्यात कधी सोडायचं ते बघायला लागलो. पावसाळा तर पहिल्याच फटक्यात खोडला. श्रावण-भाद्रपदात आमची गंगा तांबडी होऊन येते, बाभळी मुळासकट नेते. तिथं बाभळीला कुणी विचारत नाही, तर सासऱ्याला कोण विचारणार? दसऱ्याच्या सुमाराला पाऊस थांबतो, पण वरून पाणी कधी सोडतील त्याचा नेम नाही. दिवाळी झाली की कारखाना सुरू. मग अख्ख्या तालुक्यात एक ट्यूब मोकळी मिळत नाही, सगळ्या उसाच्या ट्रॉल्यांखाली. मार्गशीर्ष-पौषात पाणी असं गार की पाय घालवत नाही, आणि पुण्याच्या नाजूक माणसाला निमोनिया झाला तर विहीणबाईंना काय तोंड दाखवू? बरं, चैत्र-वैशाख? तेव्हा नदीत पाणी कुठं असतं! ट्यूब डोक्यावर घेऊन वाळूतून चालत जावं लागेल. अधिक महिना आला तर घाटावर सासरे-जावयांची एवढी गर्दी उसळते की पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत मी ट्यूबमधून पालथा पडलो तर तालुक्यातले सगळे जावई एकदम बघणार!

उरला माघ. थंडी कमी झालेली, ऊस संपत आलेला, ट्यूबा सुटायला लागलेल्या. पण माघात एक खोट होती. बंधाऱ्यांची दारं बंद असतात, त्यामुळं पाणी तुडुंब, पण जागच्या जागी. ट्यूब वाहायची तर पाणी चालतं हवं. मात्र फार चालतं नको! कधीकधी वरच्या बंधाऱ्यातून खालच्या गावांसाठी थोडं पाणी सोडतात. ते कसं येतं? सावकाश, गरोदर बाई जिना उतरते तसं. तसलं पाणी मला हवं होतं. जावयाची हौस फिटेल, माझा शब्द राहील, लेकीसमोर अब्रू राहील आणि आम्ही दोघं जिवंत घरी येऊ. माझी एवढीच मागणी होती हो!

मग ते पाणी सुटणार कधी? शहाण्या माणसानं सरळ पाटबंधाऱ्याच्या हापिसात विचारलं असतं. पण तिथं कारण विचारलं तर? 'जावयाला टायरात बसवायचंय' असं पन्नाशी उलटलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यामुळं मी एकाच माणसाला विचारलं. फक्त एकाला, हे लक्षात ठेवा. माझ्या शेजारी अन्वरभाईंची चहाची टपरी आहे. तालुक्यातली कुठलीही बातमी त्यांच्या स्टोव्हवर उकळल्याशिवाय पुढं जात नाही. सोमवारी सकाळी त्यांना गाठलं. निखिलरावांना सुट्टी शनिवारची, म्हणून वार तोच घातला.

"अन्वरभाई, शनिवारच्या आसपास गंगेला पाणी सुटायचं काही कानावर आलं का?"

"कायको भाऊ?"

"काही नाही, सहज."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दुकानातल्या मोटारींकडं बघितलं, आणि म्हणाले, "अच्छा, अच्छा. सहज!"

मला त्यात काही वाटलं नाही. तुम्हाला वाटलं असतं का?

बुधवारी दुपारी माझ्या मेव्हण्याचा फोन. विष्णू, सुमनचा धाकटा भाऊ, सोनपेठला असतो. सोनपेठ म्हणजे गंगेच्या वरच्या अंगाला.

"दाजी, पक्की खबर हाय. शनिवारी सकाळी पाणी सुटायलंय!"

मी खुर्चीवरून उठलो. "शनिवारी? कुणी सांगितलं?"

"आवो, समद्या सोनपेठात झालंय. बाजारात दुसरं बोलणंच न्हाई."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी मागितलेला वार, अगदी तोच! आणि बातमी कुठून आली? वरच्या अंगानं! पाणी वरून येतं, तर पाण्याची बातमीही वरूनच यायला हवी, नाही का? माझ्या डोक्यात हे इतकं चोख बसलं की पुढं विचार करायचं कारणच उरलं नाही. लगेच निखिलरावांना फोन लावला आणि म्हणालो, "या! शनिवारी चालतं पाणी आहे. मी स्वतः चौकशी केलीय."

स्वतः चौकशी! हे शब्द मला अजून रात्री आठवतात.

गुरुवारी एक गिऱ्हाईक जळालेली मोटार घेऊन आलं. त्यानं सांगितलं, "दोन दारं उचलायलेत म्हणं शनिवारी." मला थोडं पाणी हवं होतं, दोन दारं नको होती. संध्याकाळी दुसरा आला. "पाच दारं!" शुक्रवारी सकाळी तर एकानं सगळीच दारं उचलून टाकली. माघात सगळी दारं? कामून? अन्वरभाईंना विचारलं, तर ते मलाच म्हणाले, "तुमकू मालूम रहना भाऊ!" मला वाटलं, हा चेष्टेचा सूर आहे.

दुपारी ग्यानबा तात्या आले. नदीला लागून त्यांचा मळा आहे. त्यांच्याच मळ्यातून आम्ही ट्यूब पाण्यात सोडणार होतो, म्हणजे मी त्यांना 'पाव्हणे गंगा बघायला येतील' एवढंच सांगून ठेवलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्यांची मोटार, तिच्या शेजारी आणखी तीन मोटारी, पाईप, स्टार्टर, सगळं घरदार घातलेलं.

"काढली बगा मोटार. सगळ्यांच्याच काढायलेत. पाना असंल तर द्या, नट अडकून बसलाय एकाचा."

"तात्या, गव्हाचं काय? अजून एक पाणी राहिलंय ना?"

"ऱ्हायलंय की! या हप्त्यात लाईट बी दिवसाची हाय. पर मोटारच वाहून गेली तं गहू चाटायचा का?"

त्यांना पाना दिला आणि खुर्चीत बसलो, ते उठवेना. तुमच्या लक्षात येतंय का? आमच्याकडं नदीला पाणी सुटणार म्हटलं की काठावरच्या मोटारी वर काढतात. आणि ग्यानबा तात्या म्हणजे गंगेच्या पाण्याची नस ओळखणारा माणूस. तो हातातोंडाशी आलेला गहू कोरडा ठेवून मोटार काढतोय, म्हणजे पाणी किती मोठं येत असेल! तिथूनच निखिलरावांना फोन लावला.

"निखिलराव, जरा ऐका. आपण असं करू, पुढच्या वर्षी..."

"मामा, आम्ही गाडीत बसलोसुद्धा! लाईफ जॅकेट दोन आणलेत. एक तुमच्यासाठी."

मागून प्राजूचा आवाज आला. "पप्पा, घाबरले की काय?"

"मी? हॅ! मी कशाला घाबरू?"

फोन ठेवल्यावर सुमन जवळ येऊन बसली. "अवो, सांगून टाका ना खरं. पोहता येत न्हाई म्हणलं तर जावई काय खाणार हाय का तुमाला?"

खरं सांगतो, त्या वेळी मला रडू आलं होतं. आपला जीव जाईल याचं एवढं नव्हतं. त्या पोराला काही झालं तर प्राजूकडं आयुष्यभर बघता येणार नाही, ही धास्ती होती. पण सांगणार कसं? इतकी वर्षं मिरवलेला मान एका रात्रीत उतरवायला फार मोठी हिंमत लागते, आणि ती माझ्यात नाही. मी उठलो आणि बाजारातून चऱ्हाट आणलं. चांगलं जाड, बैल बांधतात तसलं.

शनिवारी सकाळी आठला आम्ही मळ्यात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या दोन ट्यूबा पंक्चरवाल्याकडून फुगवून आणलेल्या. सुमननं त्यांना हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. काठावर बघतो तर जत्रा! आमच्या आणि शेजारच्या, अशा दोन्ही गावची माणसं पाणी यायची वाट बघत बसलेली. मोटारी ओळीनं वर मांडलेल्या. पोराबाळांना घेऊन बायका आलेल्या. अन्वरभाई गर्दी बघून किटली आणि ग्लासं घेऊन हजर. आणि विष्णू सोनपेठहून मोटारसायकलवर खास भाचजावयाचा पराक्रम बघायला आलेला.

निखिलराव हरखले. "मामा, एवढी माणसं आपल्याला बघायला?"

"हो. आमच्याकडं जावयाचं कौतुक असतं."

दुसरं काय सांगणार? मी जॅकेट घातलं, त्याच्या सगळ्या पट्ट्या आवळल्या, दोन्ही ट्यूबांना चऱ्हाट बांधलं आणि चऱ्हाटाचं दुसरं टोक काठावरच्या चिंचेला. निखिलराव म्हणाले, "मामा, बांधल्यावर वाहत कसं जाणार?" मी म्हणालो, "आधी पाण्याचा अंदाज घेऊ." मग डोळे मिटून ट्यूबमध्ये बसलो. बसताक्षणी ट्यूबची हवा भरायची पितळी नळी बरगडीत घुसली. ओरडलो नाही, कारण प्राजू फोनवर शूटिंग घेत होती.

आणि आम्ही वाट बघायला लागलो.

आठाचे नऊ झाले. पाणी परातीतल्यासारखं स्थिर. वाऱ्याची झुळूक आली की आम्ही चार हात आत जायचो, झुळूक फिरली की चार हात परत. एक म्हैस आमच्या शेजारून पोहत पुढं गेली, पल्याड जाऊन चरून परत आली, तरी आम्ही तिथंच.

"मामा, फ्लो कधी सुरू होतो इथं?"

"येईल. वरून निघालं असेल, पोचायला वेळ लागतो ना!"

साडेनऊला लांबून घरघर ऐकू आली. खोल, दमदार घरघर. आलं! सगळी दारं! मी ट्यूबमध्ये अर्धा उभा राहून जीव खाऊन ओरडलो, "पाणी आलंऽऽ! पळाऽऽ!"

काठावर एकच धावपळ उडाली. बायकांनी पोरं काखोटीला मारली, दोघांनी एक मोटार उचलून आणखी वरच्या बांधावर नेली, अन्वरभाईंची किटली लवंडली. मी निखिलरावांची ट्यूब दोन्ही हातांनी कवटाळून धरली आणि येईल त्या देवाचं नाव घ्यायला लागलो.

घरघर जवळ आली. बांधावरून उसाची शेवटची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर गेला. ड्रायव्हरनं आम्हाला हात केला.

अकरा वाजले. ऊन चढलं. आता लोक चिडायला लागले, आणि का नाही चिडणार? गहू तहानलेला, लाईट चालू, मोटारी बांधावर! शेवटी ग्यानबा तात्या उभे राहिले. "बास झालं आता! कोण म्हणलं शनिवारी पाणी सुटणार म्हणून? एकानं तरी हापिसात इचारलं का?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आणि इथं, बरं का, माझ्यातला पुढारी जागा झाला. पाणी येत नाही म्हटल्यावर माझी भीती पळाली होती. जावई सुखरूप, मी सुखरूप, दोष दुसऱ्याचा! मी ट्यूबमधून, भर पाण्यातून, हात वर करून गरजलो.

"बरोबर आहे तात्या! ज्यानं ही अफवा उठवली त्याला शोधून काढा! लोकांच्या पिकाशी खेळ म्हणजे काय? त्याच्याच हातानं या सगळ्या मोटारी परत बसवून घ्या! एक पैसा देऊ नका!"

काय सांगू, टाळ्या पडल्या! प्राजूनं कौतुकानं फोन आणखी जवळ धरला. मी आणखी पेटलो. "विष्णू! तू सोनपेठचा. तुला कुणी सांगितलं? बोल सगळ्यांसमोर!"

विष्णू म्हणाला, "मला यष्टीच्या कंडक्टरनं सांगितलं. त्याला म्हणं गंगाखेडच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं सांगितलं. धोतरवाला व्हता, हातात खताची पिशवी व्हती."

ग्यानबा तात्या चपापले. "आरं, तो मी. सोमवारीच सांगितलं मी त्याला. पर मी काय माझ्या मनानं सांगितलं का? मला या अन्वरभाईनं सांगितलं."

"अन्वरभाई!" मी ओरडलो. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती! तुम्हाला कुणी सांगितलं?"

अन्वरभाईंनी लवंडलेली किटली खाली ठेवली. हात पुसले. आणि सावकाश बोट केलं.

"मेरेकू कौन बोलनेवाला? इनोंच बोले. वो क्या, पानी में बैठेले हैं."

बोट नदीकडं होतं. निखिलरावांनी मागं वळून बघितलं. मीही बघितलं. मागं फक्त म्हैस होती.

"मी? मी कधी म्हणालो? मी तर विचारलं होतं!"

"हौ! शनिवार का पूछे. मोटारवाला आदमी, तीस साल में कभी पानी का नहीं पूछा, एकदम शनिवार का पूछता है, कायको पूछता तो बोलता सहज! ये मोटारा काढायचाच इशारा है ना भाऊ? मैंने सोचा, अपना आदमी है, सबकू बता दूँ."

मग कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजी ह्यानंच मोटारी काढाय लावल्या, आन ह्योच हितं टायरात बसून मजा बघायलाय!"

तोपर्यंत मी चऱ्हाटाला सुरक्षिततेचा उपाय समजत होतो. लोकांनी ते चिंचेपासून सोडलं आणि ओढलं! अहो, तीन तास जागची न हललेली माझी ट्यूब अशी सुटली की काय सांगू. निखिलराव माझ्यामागं "वॉव मामा!" म्हणत येतायत आणि मी पुढं. काठाजवळ ट्यूब दगडाला आदळली, उलटली, मी तोंडावर पाण्यात. जॅकेटनं वर काढलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाचवा! मला पोहता येत नाहीऽऽ!"

निखिलरावांनी मला काखेत हात घालून बाहेर काढलं. मी चिखलात बसलो. लेकीकडं बघायची हिंमत होईना. "प्राजू, तुला सांगायचं राहून गेलं बाळा..."

"पप्पा, आईनं मला सातवीतच सांगितलंय."

"मला लग्न ठरलं तेव्हा," निखिलराव म्हणाले. "म्हणून तर जॅकेट आणलं."

ग्यानबा तात्यांनी तंबाखू मळता मळता भर घातली. "आमाला बी ठाव हाय की. घाटावर तुमी लहानपणापासून पायरीवर बसून तांब्यानं आंघुळ करताव. त्यात काय लपवायचं?"

म्हणजे बघा! जे लपवायला मी चार महिने जीव टांगणीला लावला, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं, हे कबूल करतो. पोरगं धडधाकट होतं, लेक हसत होती. आता मार बसला तरी चालेल, असं मला मनापासून वाटलं.

मार नाही बसला. माझाच निवाडा मला लागू झाला. दुपारपासून मोटारी बसवायला सुरुवात केली. पाईप जोडायचे, नट आवळायचे, आणि पाईपच्या टोकाचा फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणारी ती जाळीची टोपी, खोल पाण्यात नेऊन सोडायची. एरवी त्याला पोहणारा गडी लागतो. निखिलराव म्हणाले, "मी नेतो!" आणि ट्यूबवर बसून, मांडीवर फुटबॉल घेऊन, हातानं पाणी मारत निघाले. एक झाला, दुसरा झाला. नंतर तर लोकच काठावरून हाका मारायला लागले, "जावईबापू, आता आमचा!" अंधार पडेस्तोवर निम्म्या मोटारी आणि रविवारी उरलेल्या. ज्याच्या शेतात पाणी पडलं त्यानं हुरडा दिला, कुणी गूळ दिला. रविवारी संध्याकाळी ते पोरगं चिखलानं माखून माझ्या पाया पडलं. "मामा, दिवाळसण पोचला. असं ट्यूबिंग कुठंच झालं नव्हतं." माझे डोळे भरून आले.

ते पुण्याला गेले आणि मी कानाला खडा लावला. आता तोंड उघडायचं नाही. सोमवारी टपरीवर कुणी सहज म्हणालं, "काय भाऊ, गंगेला पाणी कसं काय?" मी चहाचा ग्लास ठेवला आणि उठून दुकानात आलो. मंगळवारी दोघांनी विचारलं. मी नुसता हात जोडून आत गेलो. बुधवारी तर अन्वरभाईंनी 'पाणी देऊ का भाऊ' म्हटलं, तेव्हासुद्धा मी मान फिरवली.

गुरुवारी दुपारी विष्णूचा फोन आला. आवाज दबलेला.

"दाजी, या बारीला खरं हाय. गंगाखेडात कुणी एक जाणता माणूस हाय म्हणं. त्याला पाण्याचं काय बी इचारा, त्याचं त्वांडच बंद होतंय, उठून आत पळतोय. म्हंजी समजा, पाणी लय मोठं यायलंय!"

मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, फोन कानाला घट्ट लावला आणि हळूच विचारलं,

"कोणत्या वारी रे?"